मुंबईत कोणाचा अधिकार कुठे? केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यातील अधिकारवाटणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता खणून ठेवला, पूल बंद पडला, नाला तुंबला किंवा इमारतीची परवानगी अडकली, की मुंबईकराच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ‘हे काम नक्की कोणाचे?’ हा. त्याचे उत्तर कधी राज्यघटनेत सापडते, कधी १८८८ च्या महापालिका कायद्यात, तर कधी थेट त्या जमिनीच्या मालमत्ता पत्रकावर. सोसायट्यांचे पदाधिकारी, स्थानिक कार्यकर्ते आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

अधिकारांची वाटणी नेमकी कुठे लिहिलेली आहे?

मूळ वाटणी राज्यघटनेच्या अनुच्छेद २४६ मध्ये आणि सातव्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या असून घटना लागू झाली तेव्हा त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, मोठी बंदरे, विमानतळ, प्राप्तिकर आणि जनगणना हे विषय संघसूचीत येतात. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन, पाणी आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्यसूचीत येतात. वीज, शिक्षण, वने, कामगार कल्याण, यांत्रिक वाहने हे विषय समवर्ती आहेत. तिन्ही याद्यांत न बसणारा विषय अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे जातो.

समवर्ती विषयावर संसदेचा आणि विधिमंडळाचा कायदा एकमेकांशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४ नुसार सर्वसाधारणपणे संसदेचा कायदा टिकतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवला गेला असेल आणि त्याला ती संमती मिळाली असेल, तर मात्र त्या राज्यापुरता तोच लागू राहतो.

या याद्या कायमच्या गोठलेल्या नाहीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण, वजने-मापे आणि न्यायदानाचे प्रशासन हे पाच विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. मुंबईला यातील वनांचा बदल रोज जाणवतो. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान राज्याच्या वन विभागाच्या ताब्यात आहे, तरी तिथली वनजमीन रस्त्यासाठी किंवा जलवाहिनीसाठी वापरायची झाल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची मान्यता घ्यावी लागते.

कायदा करण्याचा अधिकार आणि कारभार करण्याचा अधिकार हे एकच आहेत का?

बहुतेक विषयांत ते बरोबर चालतात, पण समवर्ती विषयांत ते वेगळे पडतात आणि नागरिकांचा गोंधळ प्रामुख्याने येथेच होतो. अनुच्छेद ७३ आणि १६२ एकत्र वाचले तर असे दिसते, की समवर्ती विषयावर कायदा संसदेने केला असला, तरी घटनेने किंवा त्या कायद्याने स्पष्टपणे केंद्राकडे सोपवलेला भाग वगळता त्याची अंमलबजावणी राज्याकडेच राहते. त्यामुळे ‘कायदा केंद्राचा आहे, आम्ही काही करू शकत नाही’ हे राज्याच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयातून मिळणारे उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते.

दादर स्थानकाबाहेर भाजी विकणाऱ्या फेरीवाल्याचे उदाहरण घ्या. त्याच्या हक्काचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. त्या कायद्याखालील नियम आणि योजना राज्य सरकारने करायच्या आहेत. सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि जागेची आखणी हे काम महापालिकेचे आणि नगर पथविक्रेता समितीचे आहे. गाडी लागल्याने वाहतूक अडली तर तिथे येणारा वाहतूक पोलीस राज्याच्या गृह विभागाचा असतो, आणि हाच फेरीवाला चार पावले आत सरकून स्थानकाच्या हद्दीत बसला, तर त्याला उठवणारा जवान केंद्राच्या रेल्वे सुरक्षा दलाचा असतो. एका टोपलीभोवती तीन सरकारे उभी आहेत. कोणत्या क्षणी कोणाचा हुकूम चालतो, हे त्या माणसाला नेमके ठाऊक असते, पण ते त्याला कोणत्याही कार्यालयाने समजावून सांगितलेले नसते.

राज्याला मिळालेले अधिकार आणि महापालिकेला मिळालेले अधिकार यांत काय फरक आहे?

हा फरक मुळातला आहे आणि मुंबईच्या बहुतेक प्रशासकीय अडचणी त्यातूनच निघतात, असे माझे मत आहे. राज्याचे अधिकार थेट घटनेने दिलेले आहेत. संसदेला एखादा विषय राज्यसूचीतून कायमचा काढून घ्यायचा असेल, तर तिला घटनादुरुस्ती करावी लागते, आणि सातव्या अनुसूचीत बदल करणाऱ्या दुरुस्तीला निम्म्याहून कमी नसतील इतक्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थनही लागते. महापालिकेचे तसे नाही. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्यसूचीतील विषय असल्याने महापालिकेला काय द्यायचे आणि किती द्यायचे, हे राज्याचे विधिमंडळ साध्या बहुमताने ठरवते आणि त्याच बहुमताने दिलेले परतही घेऊ शकते.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तेव्हा ही स्थिती बदलेल अशी अनेकांची अपेक्षा होती. तिने बारावी अनुसूची आणली आणि तीत नगर नियोजन, इमारत बांधकामाचे नियमन, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, घनकचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा असे १८ विषय घातले. परंतु घटनेच्या शहरांसाठी असलेल्या नवव्या-क भागात या विषयांबाबत जी शब्दयोजना केली, ती राज्याचे विधिमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’ अशी आहे. दिलेच पाहिजेत, असे तिथे म्हटलेले नाही. पाच वर्षांची मुदत, महिलांचे आरक्षण, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग या बाबी बंधनकारक झाल्या; अधिकार मात्र राज्याच्या मर्जीवर राहिले.

ब्रिटनची रचना पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. तिथे १९९८ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या संसदेला अधिकार प्रदान केले गेले, पण सार्वभौमत्व लंडनच्या संसदेकडेच राहिले. उत्तर आयर्लंडची विधानसभा ऑक्टोबर २००२ ते मे २००७ या काळात निलंबित होती आणि कारभार लंडनहून चालत होता. दिल्ली आणि महाराष्ट्र यांचे नाते या प्रकारचे नाही, कारण ते घटनेने बांधलेले आहे. मंत्रालय आणि महापालिका मुख्यालय यांचे नाते मात्र पुष्कळ अंशी याच प्रकारचे आहे.

महापौर निवडून आलेला असताना कारभार आयुक्तांच्या हाती का असतो?

मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे देतो, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. २२७ नगरसेवकांचे सभागृह धोरण ठरवते, अर्थसंकल्प मंजूर करते आणि स्थायी समितीमार्फत मोठ्या खर्चाचे प्रस्ताव तपासते. महापौर सभागृहाचे अध्यक्षपद भूषवतात, पण विभाग कार्यालयातील एकाही अभियंत्याची बदली त्यांच्या सहीने होत नाही. परकीय राजवटीला नगरसेवकांवर पुरता विश्वास नव्हता, तेव्हा ही रचना उभी राहिली आणि स्वातंत्र्यानंतरच्या कोणत्याही पक्षाच्या राज्य सरकारला ती मोडावीशी वाटली नाही. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा, म्हणजे कार्यकारी अधिकार निर्वाचित महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे देण्याचा, प्रयोग झाला, पण तो वर्षभरातच गुंडाळला गेला.

या रचनेची खरी परीक्षा ७ मार्च २०२२ नंतर झाली. त्या दिवशी महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता आणि प्रभागांची संख्या आधी २२७ वरून २३६ आणि मग पुन्हा २२७ अशी बदलली गेली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटना सांगते. तरीही २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही निर्वाचित नगरसेवकाने हात वर न करता मंजूर झाला. राज्याच्या विधानसभेबाबत असे घडले असते, तर देशभर गदारोळ झाला असता. शहराबाबत ते जवळपास निमूटपणे स्वीकारले गेले, ही मला गंभीर गोष्ट वाटते.

एकाच शहरात इतकी प्राधिकरणे कशासाठी आहेत?

प्रत्येक प्राधिकरण एखाद्या खऱ्या गरजेपोटी स्थापन झाले. महानगराचा विस्तार महापालिकेच्या हद्दीबाहेर गेला म्हणून १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, अस्तित्वात आले. घरबांधणीसाठी म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसनासाठी १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण म्हणजे एसआरए, आणि रस्ते-पुलांसाठी १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ आले. ही सर्व राज्य सरकारला उत्तरदायी आहेत. महापालिकेच्या सभागृहाला नाहीत.

समुद्रावरून गाडी नेणाऱ्याला सगळे पूल सारखेच दिसतात, पण वांद्रे-वरळी सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाने बांधला, किनारी रस्ता महापालिकेने आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू एमएमआरडीएने. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गही आधी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, नंतर एमएमआरडीएकडे आणि २०२२ पासून महापालिकेकडे असे हात बदलत आले.

नियोजनाच्या बाबतीत हे विभाजन अधिक खोल जाते. शहराचा विकास आराखडा महापालिका तयार करते, पण १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार त्याला अंतिम मंजुरी राज्य सरकार देते. सध्याच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, राज्याने तो नव्याने करायला लावला आणि मंजुरी मिळता मिळता २०१८ साल उजाडले. शिवाय शहरातील काही भागांत महापालिका नियोजन प्राधिकरणच नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत एसआरए बांधकामाची परवानगी देते. पाणी, मलनिःसारण आणि कचरा यांचा भार मात्र शेवटी महापालिकेवरच येतो.

संपूर्ण महानगराचा आराखडा करण्यासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निर्वाचित स्थानिक प्रतिनिधींमधून यावेत, अशी तरतूद घटनेच्या अनुच्छेद २४३-झेडई मध्ये आहे. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. त्यांच्या नगरसेवकांनी एका टेबलाभोवती बसून पाणी, लोकल आणि कचराभूमी यांचा विचार करावा, ही कल्पना घटनाकारांनी नव्हे तर १९९२ च्या संसदेने कायद्यात आणली. प्रत्यक्षात नियोजनाची सूत्रे एमएमआरडीएच्याच हाती राहिली आहेत.

रेल्वेमार्गावरील पुलाची जबाबदारी कोणाची?

सर्वसाधारण पद्धत अशी, की रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत आणि दोन्ही बाजूंचे पोचरस्ते महापालिकेच्या अखत्यारीत असतात. रेल्वे संघसूचीत असल्याने रुळांच्या वर आणि खाली कोणतेही काम करायचे, तर रेल्वेची मंजुरी, रेल्वेच्या तांत्रिक अटी आणि रेल्वेने दिलेला ब्लॉक (गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ) या तिन्ही गोष्टी लागतात.

अंधेरीचा गोखले पूल हे याचे ठळक उदाहरण आहे. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी या पुलाचा पादचारी भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. त्यानंतर पुलाची तपासणी आणि देखभाल कोणी करायला हवी होती, यावर रेल्वे आणि महापालिका यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये संपूर्ण पूल वाहतुकीला बंद झाला. जुना भाग रुळांवरून उतरवण्याचे काम रेल्वेने केले आणि नवा पूल महापालिकेने बांधला. रेल्वेच्या नव्या निकषांनुसार रुळांवरची उंची वाढवावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुलाची पहिली बाजू उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्यापासून मीटर-दीड मीटर खाली राहिलेला दिसला. बर्फीवाला पुलाचा तो भाग जॅक लावून वर उचलावा लागला आणि मगच दोन्ही पूल जोडले गेले. पूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. अंधेरीच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकांनी आणि शाळेच्या बसगाड्यांनी पहिली बाजू उघडेपर्यंतचे सव्वा वर्ष लांबच्या वळशाने काढले.

दोन यंत्रणा एकत्र बसवण्याचा एक चांगला प्रयत्नही मुंबईतच झालेला आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९ टक्के वाटा आहे. लोकलचे नवे डबे, जादा मार्गिका आणि रुळांलगतच्या रहिवाशांचे पुनर्वसन ही कामे या महामंडळामार्फत झाली. कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रोसाठी केंद्र आणि राज्य यांचा निम्मा-निम्मा वाटा असलेली कंपनी आहे. या दोन्ही ठिकाणी महापालिकेचा वाटा नाही, हे येथे नोंदवायला हवे.

पावसाळ्यात पाणी तुंबले, तर जाब कोणाला विचारायचा?

पर्जन्यजलवाहिन्या आणि नाले महापालिकेचे आहेत, त्यामुळे पहिली तक्रार १९१६ या क्रमांकावर महापालिकेकडेच करावी. तरीही पाण्याला हद्दी कळत नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मिठी नदीच्या रुंदीकरणाचे काम महापालिका आणि एमएमआरडीए यांच्यात वाटून दिले गेले. ही नदी पवई-विहारच्या बाजूने निघून विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, तिथे विमानतळाच्या यंत्रणेचा संबंध येतो. पुढे तिच्यावरून रेल्वे जाते. रुळांखालच्या मोऱ्यांची सफाई रेल्वेच्या हद्दीतील काम असल्यामुळे रेल्वेकडून होते. महापालिकेने आपल्या हद्दीतील नाला तळापर्यंत साफ केला आणि पुढची मोरी गाळाने अर्धी भरलेली राहिली, तर शीव आणि कुर्ला येथे रुळांवर पाणी येणारच. त्यामुळे मे महिन्यात सोसायटीच्या वतीने पत्र लिहायचे झाल्यास ते विभागाच्या सहायक आयुक्तांबरोबर रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांनाही लिहावे.

जमीन केंद्राची असेल, तर राज्याचे नियोजन तिथे चालते का?

जमीन हा राज्यसूचीतील विषय असला, तरी मुंबईतील मोक्याची पुष्कळ जमीन केंद्र सरकारच्या किंवा त्याच्या संस्थांच्या मालकीची आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराची जमीन, कुलाबा आणि मालाड-कांदिवलीकडे संरक्षण खात्याची, स्थानकांभोवती रेल्वेची, सांताक्रूझला विमानतळाची, आणि भांडुप, कांजूर, मुलुंडकडे मिठागरांची. याद्या पाठ असूनही अनेकांचे उत्तर येथे चुकते, कारण मुंबईत विषय कोणाचा यापेक्षा जमीन कोणाची हा प्रश्न पुष्कळदा जास्त निर्णायक ठरतो. अनुच्छेद २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा महापालिकेला, संसदेने परवानगी दिल्याशिवाय, कर लावता येत नाही.

कांजूरमार्गचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. भुयारी मेट्रोची कारशेड आरेऐवजी कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय राज्याने २०२० मध्ये घेतला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी १०२ एकर जमीन एमएमआरडीएकडे वर्ग केली. ही जमीन मिठागराची, म्हणजे आपली असल्याचा केंद्राचा दावा होता. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला स्थगिती दिली. पुढे २०२२ मध्ये राज्यात सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत गेली. या वादात कोणाची बाजू बरोबर होती, याबद्दल मतभेद असू शकतात. पण ज्यांना मेट्रोची वाट पाहावी लागली, त्यांना या वादात म्हणणे मांडायला जागा नव्हती. धारावीच्या पुनर्विकासासाठी मात्र २०२४ मध्ये २५५.९ एकर मिठागराची जमीन राज्याला देण्यास केंद्राने मंजुरी दिली. केंद्रात आणि राज्यात राजकीय पक्ष एक आहेत की वेगळे, यावर जमिनीच्या निर्णयाचा वेग ठरू नये, असे मला मनापासून वाटते.

किनाऱ्यालगतच्या बांधकामाला याखेरीज केंद्राच्या पर्यावरण कायद्याखालील किनारा नियमन अधिसूचना लागू होते. महापालिकेच्या किनारी रस्त्याची परवानगी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये याच कारणाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिल्यावर काम पुन्हा सुरू झाले.

मुंबई पोलीस महापालिकेच्या अखत्यारीत का नाहीत?

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत आहेत, म्हणून पोलीस आयुक्त राज्याच्या गृह विभागाला उत्तरदायी असतात. लोकलमध्ये पाकीट मारले गेले तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात आणि तेही राज्याचेच पोलीस आहेत. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे असून त्याचे मुख्य काम रेल्वेच्या मालमत्तेचे आणि प्रवाशांचे रक्षण हे आहे.

केंद्रीय अन्वेषण विभागाला, म्हणजे सीबीआयला, राज्यात तपास करायचा तर १९४६ च्या कायद्यानुसार राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली. न्यायालयाने तपासाचा आदेश दिला असेल, तर या संमतीची गरज राहत नाही.

आपण भरलेला कर कोणाकडे जातो?

प्राप्तिकर केंद्राकडे, मुद्रांक शुल्क आणि व्यवसाय कर राज्याकडे, आणि मालमत्ता कर महापालिकेकडे जातो. वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य दोघे मिळून लावतात. केंद्राने गोळा केलेल्या विभाज्य करांपैकी ४१ टक्के वाटा २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांना द्यावा, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने केली आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरला. उपकर आणि अधिभार यांची रक्कम मात्र या वाटणीत येत नाही, आणि राज्यांची या बाबतीतील तक्रार रास्त आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या नाक्यांवरची जकात बंद झाली. नाक्यांवरच्या रांगा संपल्या, हा मोठाच लाभ झाला. पण वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये देणारे, महापालिकेचे स्वतःचे सर्वांत मोठे उत्पन्न त्याबरोबर गेले आणि त्याच्या जागी राज्याकडून दरमहा मिळणारी नुकसानभरपाई आली. तीसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला, ही चांगली गोष्ट आहे. तरी नाक्यावर स्वतः वसूल केलेला पैसा आणि दुसऱ्याच्या तिजोरीतून येणारा पैसा यांत स्वायत्ततेच्या दृष्टीने फरक पडतोच. पुढे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, तोही राज्य सरकारकडून, आणि घट आली ती महापालिकेच्या उत्पन्नात. निर्णय लोकांच्या सोयीचा होता. तो घेण्याचा अधिकार ज्याचे उत्पन्न कमी होणार आहे त्या संस्थेकडे असायला हवा होता, एवढेच येथे म्हणायचे आहे.

वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते, व निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. देशातील एकाही महापालिकेला तिथे जागा नाही.

महापालिकेच्या शाळांतील शिक्षकांना जनगणनेचे आणि निवडणुकीचे काम का करावे लागते?

दोन्ही कामे केंद्रीय कायद्यांची आहेत, पण त्यासाठी लागणारे मनुष्यबळ राज्ये आणि स्थानिक संस्था पुरवतात. शिक्षण हक्क कायद्यातही जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामे अपवाद म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. यापलीकडचे शिक्षणबाह्य काम सांगितले, तर शिक्षकांना त्यास लेखी हरकत घेता येते.

साथीच्या वेळी सर्व अधिकार केंद्राकडे जातात का?

तसे नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग पसरला आणि त्यातूनच १८९७ चा साथरोग कायदा आला. आजही त्याखालील प्रमुख अधिकार राज्याकडे आहेत. २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागू केली. खाट मिळवून देणे, चाचण्या, विलगीकरण हे काम मात्र महापालिकेच्या विभाग कार्यालयांतील नियंत्रण कक्षांनी केले. घर ज्या विभागात आहे तिथल्याच कक्षाने फोन उचलायचा, ही व्यवस्था उपयोगी पडली. मोठ्या शहरात अधिकार खालच्या पातळीवर दिले तर काम होते, याचा याहून ठोस पुरावा शोधण्याची गरज नाही.

संसदेला मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करता येईल का?

अनुच्छेद ३ नुसार राज्याची हद्द बदलण्याचा किंवा नवा घटक निर्माण करण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यासाठी संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण त्याची संमती बंधनकारक नाही. कायद्याचे उत्तर एवढेच आहे.

इतिहासाचे उत्तर वेगळे आहे. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ हुतात्म्यांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यामुळे महापालिकेला अधिक अधिकार द्यावेत, असे म्हटले की काही जणांच्या मनात मुंबई वेगळी काढण्याची शंका येते. ही शंका समजण्यासारखी आहे, पण दोन गोष्टी एक नव्हेत. महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने महाराष्ट्राच्या राजधानीतील नगरसेवकांना अधिक अधिकार दिले, तर मुंबई महाराष्ट्रातच राहते. पुणे, नागपूर आणि नाशिक यांनाही तेच अधिकार द्यायला हवेत.

तक्रार चुकीच्या कार्यालयात गेली, तर काय करावे?

तोंडी उत्तरावर परत फिरू नये. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करावा आणि त्यात एकच साधा प्रश्न विचारावा, की अमुक रस्ता, पूल, नाला किंवा भूखंड यांची देखभाल कोणत्या कार्यालयाकडे आहे आणि ती कोणत्या आदेशाने सोपवलेली आहे. अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाशी संबंधित असेल, तर कायद्याच्या कलम ६(३) नुसार तो नाकारता येत नाही. जनमाहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांच्या आत तो योग्य कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवायचे असते. रेल्वे, बंदर किंवा विमानतळ यांच्याविरुद्धचे दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते, आणि महापालिका, म्हाडा, एमएमआरडीए किंवा पोलीस यांच्याविरुद्धचे राज्य माहिती आयोगाकडे. अर्ज हातोहात देणार असाल, तर स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊनच निघावे, कारण पाच दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते.